डेटोनाचं चौथं वळण

जत्रेतल्या कुस्त्या आपल्याला नव्या नाहीत. आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात, मग नारळाच्या, मग शे-पाचशे रुपयांच्या. आणि दिवस कलला की शेवटची, सगळ्यांत मोठी कुस्ती. तोवर माणसं जागा सोडत नाहीत. बहुतेक खेळांचा हाच शिरस्ता असतो. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं मात्र उलटं आहे. १९८२ पासून तिथल्या हंगामातली गुणांची पहिलीच शर्यत ही सगळ्यांत मोठी शर्यत असते. फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना बीच या गावी ती होते. अंतर पाचशे मैल, म्हणून नाव डेटोना ५००.

आज मी सांगणार आहे ती १८ फेब्रुवारी २००१ या रविवारच्या शर्यतीची हकिगत. त्या दुपारी दोन अपघात झाले. एक बघताना अंगावर काटा येतो, पण त्यातून सगळे चालक वाचले. दुसरा बघताना काही विशेष घडलं असं वाटतच नाही, आणि त्यात या खेळातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस गेला. हे असं उलटं का झालं, ते समजून घ्यायचं तर आधी थोडं त्या शर्यतीच्या मैदानात जायला हवं.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते ती साधी गाडी. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा आणि नंतरही, दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरून गाळलेली दारू रातोरात शहरात पोचवणारी पोरं होती. बाहेरून गाडी चारचौघींसारखी, आत इंजिन मात्र पोलिसांच्या हाती न लागणारं. ही पोरं पुढे आपसांत शर्यती लावू लागली. या शर्यतींना नियम आणि शिस्त लावली ती बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी. १९४८ मध्ये त्यांनी नॅसकार ही संस्था स्थापन केली. डेटोनाला आधी समुद्राच्या वाळूवरच शर्यती होत. १९५९ मध्ये फ्रान्स यांनी तिथे अडीच मैलांचा डांबरी मार्ग बांधला. तोपर्यंत गाड्याही नावालाच दुकानातल्या उरल्या होत्या. २००१ मध्ये तर आतमध्ये पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून ओळखीच्या गाडीचा पत्रा एवढंच साम्य होतं. दिवेही खरे नसत, दिव्यांची चित्रं चिकटवलेली असत.

मार्गाची वळणं सपाट नाहीत, ती एकतीस अंशांनी कललेली आहेत. कोकणातल्या कौलारू घराच्या छपरावरून गाडी चालवायची कल्पना करा. पण वेग असला की गाडी खाली घसरत नाही. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवर फिरतो, त्यातलंच हे तत्त्व. वळणाच्या बाहेरच्या कडेला मात्र काँक्रीटची भिंत. त्या वेळी ती नुसती काँक्रीटचीच होती, हे लक्षात ठेवा.

आता वेगाविषयी. १९८७ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा या अशाच मोठ्या मार्गावर बिल एलियट या चालकाने पात्रता फेरीत ताशी २१२ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. जाळी फाटली, पण गाडी थोडक्यात आत राहिली. नॅसकारने धसका घेतला आणि १९८८ पासून या दोन मार्गांवर इंजिनाच्या नरड्यावर बोट ठेवलं. इंजिनात हवा जाते त्या वाटेत चार भोकांची एक पातळ पत्री बसवायची. हवा कमी, म्हणून ताकद कमी. साडेसातशेच्या आसपासची अश्वशक्ती साडेचारशेच्या घरात आली.

वेग आटोक्यात आला, पण एक नवीनच दुखणं सुरू झालं. सगळ्या गाड्यांची ताकद जवळजवळ सारखी झाली. कुणी कुणाला मागे टाकून निघून जाऊ शकेना. घाटाखालच्या सपाट रस्त्यावर ट्रकच्या मागोमाग सायकल हाणली आहे का कधी? ट्रक हवा फोडतो आणि आपल्याला पायडल हलकं लागतं. इथेही तसंच. पुढच्या गाडीने फोडलेल्या हवेत मागची गाडी शिरते आणि दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात धावतात. त्यामुळे चाळीसेक गाड्या, एकीच्या शेपटीला दुसरी, शेजारी तिसरी, अशा वीतभर अंतराने ताशी तीनशे किलोमीटरच्या घोळक्यात धावू लागल्या. एकाचा हात चुकला की दहा-वीस जणांचा चुराडा. अशा अपघाताला अमेरिकन लोकांनी नावच ठेवलंय, 'बिग वन'. आपण 'मोठा' म्हणू.

२००० सालची डेटोना शर्यत बरीच कंटाळवाणी झाली होती. पाचशे मैलांत आघाडी फक्त नऊ वेळा बदलली. चालक कुरकुरले, प्रेक्षक कुरकुरले. सगळ्यांत मोठ्याने कुरकुरला तो डेल अर्नहार्ट. मग नॅसकारने गाड्यांच्या टपावर आणि मागच्या पंखावर पट्ट्या बसवायला लावल्या. त्यामुळे हवेत पडणारं खिंडार मोठं झालं आणि मागच्याला झेप घेणं सोपं झालं. २००० च्या ऑक्टोबरात टॅलाडेगाला हा प्रयोग झाला. शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या असताना अर्नहार्ट अठरावा होता. तो पहिला आला. कारकिर्दीतली ती त्याची शहात्तरावी जीत.

अर्नहार्टचं गाव नॉर्थ कॅरोलिनातलं कनॅपोलिस. गिरणगाव. तिथे टॉवेल आणि चादरी विणायच्या मोठ्या गिरण्या होत्या. वडील राल्फ हेही गिरणीतून सुटून शर्यतीत उतरलेले. पोराने नववीत शाळा सोडली ती गाड्यांसाठीच. काळी गाडी, तिच्यावर तिरका तीनचा आकडा, ओठांवर मिशा आणि समोरच्याला मागून हलकेच ढुशी देऊन वाट मोकळी करून घ्यायची सवय. लोक त्याला धाक घालणारा म्हणत. अर्ध्या प्रेक्षकांचा तो देव होता, उरलेले अर्धे त्याच्या नावाने बोटं मोडत; पण तिकीट दोघेही त्याच्यासाठीच काढत. सात वेळा तो वर्षाचा विजेता झाला. एवढे विजय तोवर फक्त रिचर्ड पेटीच्या नावावर होते. डेटोना ५०० ने मात्र त्याला रडवलं. ती त्याला मिळाली १९९८ मध्ये, विसाव्या प्रयत्नात. त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघांची माणसं रांगेने उभी राहिली आणि त्याच्याशी हात मिळवत राहिली.

२००१ मध्ये तो एकोणपन्नास वर्षांचा होता. स्वतः दुसऱ्याच्या संघातून चालवत होता, पण त्याचा स्वतःचाही एक संघ होता. त्यातली एक गाडी मुलाकडे, धाकट्या डेलकडे. दुसरी त्याने त्या वर्षी दिली मायकेल वॉल्ट्रिपला. हा मायकेल म्हणजे लोकांच्या थट्टेचा विषय. सर्वोच्च मालिकेत ४६२ शर्यती धावला, एकही जिंकला नाही. थोरला भाऊ डॅरेल तीन वेळचा वर्षविजेता, त्यामुळे तुलना ठरलेलीच. अर्नहार्ट या धाकट्याला म्हणाला होता की माझी गाडी घेतलीस तर तू जिंकशील, असं मायकेलने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

डॅरेल नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून नव्याने बसला होता. नॅसकारने अब्जावधी डॉलरचा नवा प्रसारण करार केला होता आणि त्यातली ही पहिली मोठी शर्यत. देशभर दाखवायचा सोहळा. शर्यतही सोहळ्यासारखीच रंगली. आदल्या वर्षी नऊ वेळा बदललेली आघाडी या वेळी एकोणपन्नास वेळा बदलली, चौदा जण पुढे राहून गेले. दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत दीडशेहून अधिक फेऱ्या होऊन गेल्या तरी पुढचा घोळका सुटा झाला नव्हता.

१७३ व्या फेरीत तो 'मोठा' झाला. मागच्या सरळ पट्ट्यावर एका गाडीचा धक्का पुढच्या गाडीला लागला, ती आडवी झाली आणि तिने टोनी स्ट्युअर्टच्या गाडीला वाटेतून उडवलं. उडवलं हे अगदी शब्दशः. स्ट्युअर्टची नारिंगी गाडी उलटी होऊन इतर गाड्यांवरून पलट्या खात गेली आणि त्याच्याच संघातल्या सोबत्याच्या गाडीवर पडली. पत्रे, चाकं, धूर. अठरा गाड्या त्यात सापडल्या. लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. मी ही शर्यत चित्रफितीवर पाहिली, पुढे काय होणार ते ठाऊक असताना पाहिली, तरी या ठिकाणी हात नकळत तोंडाशी गेला. आणि स्ट्युअर्ट? त्याला इस्पितळात नेलं, खांद्याला मार लागला होता. पुढच्या शर्यतीत तो पुन्हा गाडीत होता.

शर्यत पुन्हा सुरू झाली आणि शेवटच्या फेऱ्यांमध्ये चित्र असं दिसू लागलं: सगळ्यांत पुढे मायकेल वॉल्ट्रिप, त्याच्या मागे धाकटा डेल, आणि तिसरा अर्नहार्ट. दोन्ही पुढच्या गाड्या त्याच्याच मालकीच्या. एक चालवतोय मुलगा, दुसरी चालवतोय कधीही न जिंकलेला मित्र. ज्या माणसाने दुसरा-तिसरा नंबर कधी गोड मानून घेतला नाही, तो त्या दिवशी तिसऱ्या जागेवर गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे घेत मागच्यांची वाट अडवत राहिला. स्टर्लिंग मार्लिन, केन श्रेडर, रस्टी वॉलेस असे तिघे त्याच्या अंगावर आले होते. तो खरोखर त्या दोघांसाठी वाट अडवत होता की स्वतः झेप घ्यायची वेळ बघत होता, यावर अमेरिकेत अजून वाद घालतात. मला विचाराल तर चित्रफितीत दिसतं ते पहारा देणंच.

शेवटची फेरी, चौथं वळण. अंतिम रेषा अर्ध्या मैलावर. अर्नहार्टच्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला मार्लिनच्या गाडीचा हलका स्पर्श झाला. काळी गाडी खाली, वळणाच्या तळाशी गेली, सावरली, आणि सावरता सावरता एकदम उजवीकडे वर वळली. वर येताना श्रेडरची गाडी तिच्या उजव्या कुशीत शिरली, आणि दोघी मिळून भिंतीवर आदळल्या. मग घसरत खाली, गवतावर येऊन थांबल्या. गाडी उलटली नाही, पेट घेतला नाही. ती तर जवळजवळ पूर्ण गाडीसारखी दिसत होती.

तिकडे मायकेलने रेषा ओलांडली होती. समालोचकाच्या खोलीत डॅरेल धाकट्या भावाच्या नावाने ओरडत होता, त्याचा गळा दाटून आला होता. ४६३ व्या शर्यतीत पहिला विजय, तोही डेटोनाला. धाकटा डेल दुसरा. आनंदाचा पहिला भर ओसरला तेव्हा डॅरेलच म्हणाला, डेल ठीक असला म्हणजे मिळवलं.

श्रेडर आपल्या गाडीतून उतरून अर्नहार्टच्या गाडीपाशी गेला. जाळी बाजूला करून त्याने आत पाहिलं आणि लगेच वळून हाताने मदतपथकाला बोलावलं. आत काय पाहिलं ते त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. विजेत्यांच्या चौकात मायकेल गाडीच्या मालकाची वाट बघत होता. अर्नहार्ट येईल, मानेभोवती हात टाकेल, म्हणून. आला तो श्रेडर. प्रकरण बरं नाही, एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला हॅलिफॅक्स वैद्यकीय केंद्रात डॉक्टरांनी अर्नहार्टला मृत घोषित केलं. नंतर नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकारांना एका वाक्यात ते सांगितलं. निकालपत्रात त्याचा क्रमांक बारावा आहे.

आता तो प्रश्न. पलट्या खाणारा स्ट्युअर्ट वाचतो आणि नुसता भिंतीला लागलेला अर्नहार्ट जातो, हे कसं?

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही याचं अर्धं उत्तर ठाऊक आहे. चालकाने ब्रेक हळूहळू दाबला तर आपण नुसते पुढे झुकतो. गचकन दाबला तर पुढच्या माणसावर पडतो. बसचा वेग तोच होता. फरक पडला तो थांबायला लागलेल्या वेळाचा. स्ट्युअर्टच्या गाडीने आपला वेग टप्प्याटप्प्याने उधळून टाकला. एक पलटी, थोडा वेग गेला. चाक तुटून उडालं, आणखी थोडा गेला. जे जे तुटून पडलं ते ते धक्का घेऊन गेलं. अर्नहार्टच्या गाडीचा वेग आदळताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होता. भिंतीने त्यातला सुमारे सत्तर किलोमीटरचा वेग डोळ्याची पापणी लवायच्या आत खाऊन टाकला. काँक्रीट काही द्यायला तयार नव्हतं आणि गाडीचा सांगाडाही मजबूत, चेपायला तयार नव्हता. गाडी शाबूत राहिली, याचा अर्थच असा की धक्का आतल्या माणसाने घेतला.

माणसाचं धड पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेलं असतं. डोकं मोकळं. शिरस्त्राणासकट पाच-सहा किलोंचा तो गोळा पुढे झेपावतो, मान त्याला मागे ओढते आणि या ओढाताणीत कवटीचा तळ, जिथे मणक्याला डोकं जोडलेलं असतं, तो तडकतो. तिथेच मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. आदल्याच वर्षी या खेळात तीन चालक अशाच कवटीच्या दुखापतीने गेले होते. ॲडम पेटी, रिचर्ड पेटीचा नातू, वय एकोणीस; न्यू हॅम्पशायरच्या मार्गावर. दोन महिन्यांनी त्याच मार्गाच्या त्याच वळणावर केनी अर्विन. ऑक्टोबरात टेक्सासला टोनी रोपर.

आणि उपाय? तो वीसेक वर्षं तयारच होता म्हटलं तरी चालेल. मिशिगन राज्य विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड हे शरीरातल्या हाडांवर बसणाऱ्या ताणांचा अभ्यास करणारे प्राध्यापक. त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग शर्यतीतले चालक. डाउनिंग यांचा एक मित्र १९८१ मध्ये अशाच दुखापतीने गेला, तेव्हा या दोघांनी मिळून 'हान्स' नावाचं साधन केलं. खांद्यावर बसणारं कॉलरसारखं एक जू, ते पट्ट्यांखाली दाबलेलं, आणि त्यातून दोन दोऱ्या शिरस्त्राणाला बांधलेल्या. धड थांबलं की डोकंही थांबतं. बस्स, एवढंच. २००१ च्या त्या शर्यतीत त्रेचाळीस गाड्या होत्या. हे साधन मोजक्या चालकांच्या खांद्यावर होतं. बाकीच्यांचं म्हणणं, अवघडल्यासारखं होतं, मान वळवता येत नाही, आग लागली तर लवकर बाहेर पडता येत नाही. अर्नहार्ट त्यात सगळ्यांच्या पुढे. तो तर चेहरा उघडा ठेवणारं जुन्या पद्धतीचं शिरस्त्राण वापरायचा. एका वृत्तपत्राने शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात याच विषयावर लेखमाला छापली होती.

पुढचे काही महिने दोष कुणाचा यातच गेले. मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धाकट्या डेलने आणि मायकेलने जाहीरपणे सांगितलं की त्याचा काही दोष नाही, तेव्हा त्या विरल्या. मग नॅसकारने सांगितलं, अर्नहार्टचा पट्टा तुटलेला सापडला. ते पट्टा बनवणाऱ्यांना मान्य नव्हतं. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स यांनी स्वतंत्रपणे तपासून सांगितलं, पट्टा शाबूत असता तरी बहुधा हेच झालं असतं, कारण डोकं बांधलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये नॅसकारचा अहवाल आला, जाडजूड. तरीही हान्सची सक्ती झाली नाही. चालकांना सल्ला दिला, ऐच्छिक ठेवलं.

ऑक्टोबरच्या ४ तारखेला शार्लटला एका दुय्यम शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा तरुण चालक भिंतीवर आदळून गेला. तेच कवटीचं हाड. ज्या गाडीशी त्याची टक्कर झाली होती ती चालवत होता केरी, अर्नहार्टचा थोरला मुलगा. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सक्ती आली. चालकांनी एका मोसमात सवय करून घेतली. मान वळत नाही ही तक्रार पुन्हा फारशी ऐकू आली नाही.

भिंतीचं काम नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी करत होते. हे लोक मुळात हमरस्त्यांच्या कठड्यांवर संशोधन करणारे. काँक्रीटच्या पुढे पोलादी नळ्यांची दुसरी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये फोमचे ठोकळे, अशी त्यांची रचना. गाडी आदळली की भिंतच थोडी मागे सरते. थांबायला लागणारा वेळ वाढतो. एसटीच्या चालकाने ब्रेक हळूहळू दाबावा तसं. २००२ मध्ये इंडियानापोलिसला ती पहिल्यांदा बसली आणि मग एकेक करत इतर मार्गांवर. गाड्यांचे सांगाडे, खुर्च्या, चालकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंचे आधार, सगळं बदलत गेलं. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत त्या दिवसानंतर एकही चालक शर्यतीत मरण पावलेला नाही.

घोळका मात्र तसाच राहिला. ती चार भोकांची पत्री डेटोनाला २०१९ पर्यंत होती, नंतर तिच्या जागी वेगळ्या आकाराचा भाग आला, पण गाड्या अजूनही वीतभर अंतराने धावतात आणि 'मोठा' अजूनही होतो. लोक तो बघायला येतात, हे कुणी नाकारत नाही.

२०२० ची डेटोना ५०० पावसामुळे रविवारऐवजी सोमवारी, १७ फेब्रुवारीला झाली. शेवटच्या फेरीत, अंतिम रेषा समोर दिसत असताना, आघाडीवर असलेल्या रायन न्यूमनला मागून धक्का बसला. गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि उलटी असतानाच दुसरी गाडी चालकाच्या बाजूने तिच्यात शिरली. ठिणग्या उडवत ती टपावर घसरत गेली. गाडीभोवती काळे पडदे धरले गेले, आणि ज्यांना २००१ आठवत होतं त्यांनी मनाची तयारी केली. न्यूमनला नेलं ते त्याच हॅलिफॅक्स वैद्यकीय केंद्रात. बुधवारी दुपारी तो तिथून बाहेर पडला, चालत, अनवाणी, एका हाताला एक मुलगी आणि दुसऱ्या हाताला दुसरी.